गद्यातला नाद: आधुनिकतावादी कथा-कादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉइस, वुल्फ, फॉकनर, बेकेट या विसाव्या शतकातल्या, गोष्ट सांगण्याची रूढ पद्धत मोडणाऱ्या आधुनिकतावादी लेखकांचं गद्य वाचणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. कुठल्याही प्रश्नापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. गद्याला ना वृत्त, ना यमक. मग त्यात नाद कसला शोधायचा?

तेच व्यंजन थोड्या थोड्या अंतराने परत येतं, तो अनुप्रास. एकच स्वर चार-पाच शब्दांतून घुमत राहतो. एखादा शब्द किंवा अख्खा वाक्यखंड पानापानांवर फिरून भेटतो. लांब वाक्यामागून अचानक तीन शब्दांचं वाक्य येतं. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वाक्य कुठल्या अक्षरावर टेकतं: मोकळ्या, लांबवता येणाऱ्या स्वरावर, की दार लावल्यासारख्या व्यंजनावर. हे सगळं मिळून गद्यातला नाद.

कवितेत वृत्त असतं, त्यामुळे पुढे काय येणार याची कानाला आधीच चाहूल असते. गद्यात कान बेसावध असतो. म्हणून गद्यातला अनुप्रास कमी असूनही कधीकधी जास्त आत जातो. तो आला हे कळायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं.

2. अनुप्रास तर जुनाच आहे. बाणभट्टाचं गद्य नादानेच भरलेलं आहे. मग आधुनिकतावाद्यांनी नवीन काय केलं?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे गद्याच्या नादाचा विचार फार जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने गद्याचे तीन प्रकार सांगितले: छोट्या, सुट्या पदांचं 'चूर्ण', लांब समासांनी उसळणारं 'उत्कलिकाप्राय' आणि मध्येच वृत्ताचा वास येणारं 'वृत्तगंधी'. 'गद्य ही कवीची कसोटी' हे वचनही त्याच परंपरेतलं. युरोपातही आधुनिकतावादाच्या आधी फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं मोठमोठ्याने ओरडून तपासत असे.

फरक आहे तो नादावर टाकलेल्या भारात. बाणाच्या गद्यात नाद वैभव वाढवतो; तो बाजूला काढला तर बरंच काही हरवेल, पण गोष्ट उभी राहील. 1910 ते 1940 या काळातल्या अनेक कादंबऱ्यांनी गोष्टीचा कणाच काढून घेतला. एक दिवस, एक शहर, चार-सहा मनं, एवढंच उरलं. मग पुस्तक एकसंध राहणार कशाने? जे काम कथानक करत होतं, ते इथे नादाने उचललं.

वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे'मध्ये (1925) हे स्पष्ट दिसतं. क्लॅरिसा आणि सेप्टिमस ही त्यातली दोन प्रमुख माणसं. दोघांची एकदाही भेट होत नाही. कथानकाच्या हिशोबाने ती दोन वेगळ्या कादंबऱ्यांतली माणसं ठरतील. त्यांना बांधतो तो बिग बेनचा टोला आणि त्यानंतर हवेत विरून जाणाऱ्या शिशाच्या वलयांचं ते वाक्य, जे जवळजवळ जसंच्या तसं परत येत राहतं: 'द लेडन सर्कल्स डिझॉल्व्ड इन द एअर'. त्यातले 'ल' आणि 'ड' मोठ्याने म्हणून पाहा. वाक्य आधी जड पडतं आणि शेवटच्या 'एअर'वर सुटतं. टोला जसा आधी आदळतो आणि मग पसरत जातो, तसंच. हे वाक्य काढून टाकलं तर पुस्तकाचा सांधाच निखळतो.

3. एखादा उतारा घेऊन नाद नेमकं काय करतो ते दाखवता येईल का?

जॉइसच्या 'डब्लिनर्स'मधल्या (1914) 'द डेड' या कथेचा शेवट घेऊ. एक नवरा रात्री हॉटेलच्या खोलीत जागा आहे. बायको झोपली आहे. तिच्यासाठी जीव देणाऱ्या एका मुलाबद्दल त्याला नुकतंच कळलं आहे. बाहेर बर्फ पडतोय. घटना एवढीच.

या शेवटच्या परिच्छेदात 'फॉलिंग' हा शब्द सात वेळा येतो. पण तो नुसता मोजून भागत नाही, त्याची जागा पाहावी लागते. आधी येतं 'फॉलिंग सॉफ्टली'. थोडं पुढे तेच उलटं होतं: 'सॉफ्टली फॉलिंग'. आणि अगदी शेवटच्या वाक्यात पुन्हा 'फॉलिंग फेंटली' आणि लगेच 'फेंटली फॉलिंग'. दोन शब्द एकमेकांभोवती गिरकी घेतात आणि जागा बदलतात. बर्फाचा कण सरळ खाली येत नाही, वळत वळत येतो. त्या वळण्याचं वर्णन लेखकाने कुठेही केलेलं नाही. शब्दांचा क्रमच वळतो.

त्याच वाक्याची सुरुवात 'स'ने भरलेली आहे: 'हिज सोल स्वून्ड स्लोली'. पुढे 'स्नो' येईपर्यंत ही साखळी तुटत नाही. 'सोल', 'स्लोली', 'स्नो' या तिन्हींत लांब 'ओ' आहे, त्यामुळे म्हणणाऱ्याला घाई करताच येत नाही. मग 'फ' आणि 'ल' यांची हलकी हालचाल. आणि सगळ्यात शेवटी, ज्या शब्दावर कथा थांबते तो 'डेड': एका झटक्यात उच्चारला जाणारा, दोन्ही बाजूंना 'ड', मधला स्वर आखूड. इतका वेळ तरंगत असलेलं वाक्य जमिनीला टेकतं.

आता 'स्लोली'च्या जागी 'ग्रॅज्युअली' घालून पाहा. कोशातला अर्थ फारसा बदलत नाही. पण 'स'ची साखळी तुटते, मध्ये 'ग्र' खड्यासारखा लागतो, आणि त्या माणसाचं हळूहळू भान हरपणं नुसती एक माहिती होऊन बसतं. मला या परिच्छेदाची गोडी लागली ती मोठ्याने वाचल्यावरच. मनातल्या मनात वाचताना तो बर्फाचं सुंदर वर्णन एवढाच वाटला होता.

4. ध्वनीला स्वतःचा अर्थ असतो का? 'स' म्हणजे शांतता, 'र' म्हणजे राग, असं काही?

असा तक्ता करायला गेलं की हमखास फसायला होतं. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या व्याख्यानांचं पुस्तक 1916 मध्ये आलं, म्हणजे ऐन याच काळात. शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांचं नातं यादृच्छिक आहे, हा त्यातला गाभ्याचा विचार.

तरी गोष्ट तिथेच संपत नाही. 1929 मध्ये भाषाशास्त्रज्ञ सपीरने 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द लोकांपुढे ठेवले आणि यातलं मोठं टेबल कुठलं असं विचारलं. बहुतेकांनी 'माल' निवडलं. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 2001 मध्ये मांडलेला 'किकी' आणि 'बूबा'चा प्रयोग तर अनेकांना माहीत असतो: टोकदार आकृतीला लोक 'किकी' म्हणतात, गोलसर आकृतीला 'बूबा'. मराठी कानाला हे पटवून द्यावं लागत नाही. 'टिपटिप' आणि 'टपटप' यांत थेंब कुठला मोठा, 'किणकिण' आणि 'खणखण' यांत भांडं कुठलं जड, हे आपल्याला कोशात न बघता सांगता येतं.

म्हणजे ध्वनीत कल असतो, अर्थ नसतो. तो कल कुठल्या बाजूला झुकेल हे संदर्भ ठरवतो. 'सळसळ' पिंपळाच्या पानांचीही आणि अंधारातल्या सापाचीही. 'द डेड'मधला 'स' निवांत वाटतो, कारण तिथे बर्फ आहे, रात्र आहे, झोप आहे. हाच 'स' भांडणाच्या प्रसंगात फुत्कार होईल.

आपल्या काव्यशास्त्रात यासाठी चांगलं हत्यार आहे. ट-वर्ग आणि जोडाक्षरांच्या दाटीने ओज येतो. ट-वर्ग टाळून अनुनासिकांकडे झुकलं की माधुर्य. पण तिथेही वर्ण रसाच्या सोबतीने येतात, एकटे काही सांगत नाहीत.

5. नाद आणि लय एकच का?

नाही. नाद म्हणजे कुठले ध्वनी. लय म्हणजे ते किती अंतराने, किती भाराने, किती वेगाने. एका वाक्यात अनुप्रास अजिबात नसूनही पक्की लय असू शकते.

वुल्फने 1926 च्या एका पत्रात लिहिलं की शैली ही अगदी साधी गोष्ट आहे, ती सगळी लयच आहे; लय सापडली की चुकीचा शब्द वापरताच येत नाही. 'द वेव्ह्ज' (1931) लिहिताना आपण कथानकाला धरून नव्हे तर लयीला धरून लिहितो आहोत, असंही तिने नोंदवलं. या पुस्तकात सहा माणसांची मनोगतं आहेत आणि मध्ये मध्ये समुद्रावरच्या एका दिवसाचे तुकडे, पहाटेपासून अंधार होईपर्यंतचे. ते तुकडे गाण्यातल्या समेसारखे आहेत. माणसं कुठेही भरकटली तरी वाचक तिथे परत येतो.

मराठीत लयीबद्दल सगळ्यात नेमकं मर्ढेकरांनी लिहिलं: संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वं. ते साहित्याच्या बाबतीत ध्वनीपेक्षा अर्थाच्या, भावनेच्या लयीबद्दल बोलत होते. पण त्यांचे शब्द ध्वनीसाठी उसने घेतले तरी चपखल बसतात. सारखे ध्वनी जवळ येणं हा संवाद, 'डेड'सारखा अचानक बंद होणारा शब्द हा विरोध, 'फॉलिंग फेंटली, फेंटली फॉलिंग' हा समतोल.

6. पुनरावृत्ती आणि कंटाळा यांत फरक कसा करायचा? गर्ट्रूड स्टाइन वाचवत नाही.

अमेरिकन लेखिका स्टाइनचं म्हणणं असं की पुनरावृत्ती अशी काही नसतेच, असतो तो आग्रह. तोच शब्द दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याच्यावरचा भार बदललेला असतो.

मराठी वाचकाला याची ओळख लाटानुप्रासातून करून घेता येते. लाटानुप्रासात शब्द तोच असतो, अर्थही तोच, फक्त तात्पर्य बदलतं. 'आई ती आई' म्हणताना दुसरी 'आई' पहिलीपेक्षा मोठी असते. स्टाइनने हे दोनदा न करता पन्नासदा केलं. 'थ्री लाइव्ह्ज' (1909) वाचताना एखादं विशेषण दर वेळी एक बोटभर सरकलेलं जाणवतं का, तेवढंच बघा. जाणवलं, तर पुनरावृत्ती काम करते आहे. पाच पानं वाचूनही काहीच हललं नाही, तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. मला स्वतःला तिचं सगळं लेखन एका बैठकीत झेपत नाही, तुकड्यातुकड्याने मात्र फार भावतं.

7. 'टकटक', 'म्याऊ' असे आवाजाची नक्कल करणारे शब्द म्हणजे बालसाहित्य नाही का? मोठे लेखक ते का वापरतात?

कारण त्यांनी रूढ नक्कल मोडून पुन्हा ऐकायला सुरुवात केली. 'युलिसिस'मधली (1922) मांजर इंग्रजी पुस्तकातल्या मांजरासारखं ओरडत नाही. ती आधी म्हणते 'म्क्ग्नाओ', मग 'म्र्क्ग्नाओ', मग 'म्र्क्र्ग्नाओ'. दर खेपेला एक 'र' वाढतो. दूध मिळायला उशीर होतोय आणि मागणी चढत चाललीय, हे सगळं त्या एका 'र'मध्ये. मांजर पाळलेल्या कुणालाही हे लगेच ओळखू येईल.

फॉकनरच्या 'अ‍ॅज आय ले डाइंग'मध्ये (1930) आई घरात मरणपंथाला आहे आणि थोरला मुलगा बाहेर तिची शवपेटी तासतो आहे. तासणीचा आवाज येतो: 'चक. चक. चक.' प्रत्येक 'चक'नंतर पूर्णविराम आहे. स्वल्पविराम असता तर तो नुसता कामाचा ठेका झाला असता. पूर्णविरामाने प्रत्येक घाव सुटा, शेवटचा वाटतो.

बेकेटच्या 'वॉट'मध्ये तीन बेडूक आहेत: 'क्रॅक', 'क्रेक' आणि 'क्रिक'. एक दर आठव्या ठोक्याला ओरडतो, दुसरा पाचव्या, तिसरा तिसऱ्या. तिघं एकदा एकत्र ओरडले की पुन्हा एकत्र यायला 120 ठोके जावे लागतात, आणि बेकेटने तो सगळा तक्ता छापला आहे. अर्थ शून्य, नुसती रचना. तरी त्या तिघांच्या पुन्हा एकत्र येण्याची वाट बघताना जीव टांगणीला लागतो.

8. 'युलिसिस'मधलं सायरन्सचं प्रकरण खरंच फ्यूग या पाश्चात्त्य संगीतरचनेसारखं आहे का?

यावर अभ्यासक अजून भांडतात. जॉइसने 1919 मध्ये एका पत्रात तसा दावा केला होता. अडचण मूलभूत आहे: फ्यूगमध्ये अनेक सूर एकाच वेळी वाजतात. गद्यात एका वेळी एकच शब्द येतो. त्यामुळे शब्दशः फ्यूग शक्य नाही, असंच माझं मत आहे.

पण जॉइसने आडवाटेने जे साधलं ते थोर आहे. प्रकरणाच्या आरंभी साठेक तुटक ओळी आहेत, पहिल्या वाचनात अगदी निरर्थक वाटणाऱ्या. पुढे त्यातली एकेक ओळ आपापल्या जागी येते आणि अर्थ घेते. म्हणजे नाद आधी, अर्थ मागून. शिवाय शेवटाकडे, बारमध्ये गाणं चालू असताना, मध्येच एक शब्द पडतो: 'टॅप'. काही ओळींनी पुन्हा 'टॅप'. मग 'टॅप. टॅप.' विसरलेला स्वरकाटा न्यायला परत येणाऱ्या, पियानोचे सूर जुळवणाऱ्या अंध तरुणाची ती काठी. तो अजून रस्त्यात आहे, आपण आत आहोत, आणि एका शब्दाने दोन्ही जागा एकाच वेळी चालू राहतात. दुसऱ्या सुराच्या सगळ्यात जवळ गद्य कधी गेलं असेल तर इथे.

9. हे सगळं मराठीला लागू होतं का? मराठी गद्याचा नाद वेगळा नाही का?

वेगळा आहे, आणि इंग्रजीतली उदाहरणं डोक्यात ठेवून मराठी वाचलं तर भलत्याच गोष्टी ऐकू येतात.

पहिलं म्हणजे क्रियापद. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, त्यामुळे अंत्ययमक फुकट मिळतं. 'तो आला होता. दिवा गेला होता. पाऊस थांबला होता.' इथे तीनदा 'होता' आलं, पण कानाने त्याची दखल घेतली नाही. व्याकरणाने दिलेलं यमक ऐकू येत नाही. म्हणून मराठी गद्यकाराला नाद मिळवायचा तर हे यमक मोडावं लागतं: 'तो आला तेव्हा दार उघडं. दिवा गेलेला. पाऊस मात्र थांबला होता.' आता तो एकुलता एक 'होता' वाजतो.

दुसरं, लिपी फसवते. 'चार चाकं' हा कागदावर अनुप्रास दिसतो. म्हणून पाहा: 'चार'मधला 'च' तालव्य, 'चाकं'मधला दंततालव्य. 'जीवन' आणि 'जग' यांचंही तेच. डोळ्याला जुळणारी अक्षरं कानाला वेगळी असतात. मराठी गद्यातला अनुप्रास मोजायचा तर डोळे मिटून मोजावा.

तिसरं, आपल्याकडे 'भणभण', 'लुकलुक', 'खुसखुस' असे अभ्यस्त शब्द इतके विपुल आहेत की नादाचा मोह सहज होतो. चांगला लेखक इथे हात राखतो.

मर्ढेकरांनी 1942 मध्ये 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचं, म्हणजे मनातले विचार येतील तसे मांडत जाण्याचं तंत्र मराठीत आणलं. ते आकाशवाणीत काम करणारे होते. शब्द कानावर कसा पडतो याचा विचार त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता, हे त्यांचं गद्य वाचताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

10. अनुवादात नाद मरतोच ना? मग अनुवाद वाचून काय उपयोग?

ध्वनी मरतात, लय बरीचशी वाचते. वाक्यांची लांबी, विराम, पुनरावृत्तीच्या जागा हे सगळं काळजी घेणारा अनुवादक दुसऱ्या भाषेत नेऊ शकतो. दुर्दैवाने नेमकी पुनरावृत्तीच सगळ्यात आधी 'दुरुस्त' केली जाते, कारण शाळेत आपल्याला तोच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवलेलं असतं. 'फॉलिंग'साठी एकदा 'पडत', एकदा 'कोसळत', एकदा 'झरत' असं केलं, की प्रश्न 3 मधला सगळा परिणाम गेला.

'फिनेगन्स वेक'च्या (1939) अ‍ॅना लिव्हिया भागाच्या फ्रेंच आणि इटालियन अनुवादात जॉइस स्वतः सहभागी होता. तिथे त्याने शब्दार्थापेक्षा नादाची आणि लयीची बाजू घेतली. मूळ लेखकच जेव्हा अर्थावर पाणी सोडायला तयार होतो, तेव्हा त्याला काय महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं.

11. हे सगळं लेखकाने ठरवून केलं कशावरून? आपणच शोधून काढतो असं नाही का होत?

होतं, आणि वरचेवर होतं. कुठल्याही भाषेत मोजके वर्ण असतात. कुठलाही परिच्छेद घ्या, त्यात चार-दोन अनुप्रास निघतीलच. तीन गोष्टी तपासाव्यात. आजूबाजूच्या परिच्छेदांपेक्षा इथे तो ध्वनी खरंच दाट आहे का? ही दाटी अर्थाच्या वळणावर आली आहे का? आणि समानार्थी शब्द घातला तर काही बिघडतं का (प्रश्न 3 मधली 'स्लोली'ची चाचणी)? तिन्हींना 'हो' मिळालं तर लेखकाच्या मनात काय होतं हा प्रश्न फारसा उरत नाही. कित्येकदा लेखकाच्या कानाने जे निवडलं, त्याचा पत्ता त्याच्या बुद्धीलाही नसतो.

12. मोठ्याने म्हणताच येत नाही असा मजकूर असेल तर? तिथे नाद कुठला?

'फिनेगन्स वेक'मध्ये मेघगर्जनेचे दहा शब्द आहेत, नऊ शंभर अक्षरांचे आणि शेवटचा एकशे एक. पहिला तर अनेक भाषांतल्या मेघगर्जनेच्या शब्दांतून घडवलेला. तो धड म्हणता येत नाही, जीभ अडखळते. ते अडखळणं हाच त्याचा परिणाम: गडगडाट तोंडात मावत नाही. वाचक मनातल्या मनात वाचत असला तरी जीभ आणि कंठ आत कुठेतरी हालचाल करू पाहतात, आणि नाद तिथे घडतो.

13. सपाट, कोरडं लिहिणारे आधुनिकतावादी आहेत, उदाहरणार्थ काफ्का. त्यांना हा नियम लागू नाही ना?

अनुप्रास शोधायला गेलात तर काफ्काकडून हात हलवत परत याल. त्याचं जर्मन कचेरीतल्या टिपणासारखं स्वच्छ आहे. पण स्वर न चढवता बोलणं हाही आवाजाचाच प्रकार आहे. भयंकर गोष्ट सांगताना वाक्य एकाच पट्टीत राहतं आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. शिवाय काफ्का आपलं लेखन मित्रांना वाचून दाखवत असे. 'द ट्रायल'चं पहिलं प्रकरण वाचताना तो इतका हसत होता की त्याला मध्येच थांबावं लागे, अशी आठवण त्याचा मित्र ब्रॉड याने लिहून ठेवली आहे. ते गद्य कानासाठीही होतं.

उलट बाजूही खरी. नादाने भरलेलं गद्य चांगलंच असतं असं नाही. वाक्य गोड लागलं आणि तरी माणूस, प्रसंग काहीच दिसला नाही, तर तिथे नाद रिकामा वाजतो आहे.

14. सुरुवात कुठून करू?

'द डेड'च्या शेवटच्या पानापासून. तीनदा मोठ्याने वाचा. त्यानंतर 'मिसेस डॅलोवे', पण फक्त घड्याळाच्या टोल्यांच्या जागी पेन्सिलीने खूण करत. मग जॉइसच्या स्वतःच्या आवाजातलं अ‍ॅना लिव्हियाचं ध्वनिमुद्रण ऐका. 1929 मध्ये केलेलं, आठ-नऊ मिनिटांचं आहे. पुस्तक समोर ठेवू नका. दोन धुणाऱ्या बायका नदीच्या दोन काठांवरून बोलत आहेत, अंधार पडत चालला आहे आणि पाण्याच्या आवाजात त्यांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईनासं होतं, एवढं ठाऊक असलं की पुरे.